उत्तर नसेल तर

वेबसाइट बनवायच्या एका फ्रेमवर्कच्या माहितीपानावर एका तपासणीबद्दल एवढंच लिहिलं होतं : ‘उत्तर नसेल तर टेस्ट पास होते.’ घरून काम करणाऱ्या एका प्रोग्रामर तरुणीने ते लिहिणाऱ्याला मेसेज केला, “नसेल म्हणजे सर्व्हरचं उत्तर रिकामं आलं तर, की आलंच नाही तर?”

त्याने थेट कॉलच केला. बोलण्याआधी तिला घसा खाकरावा लागला. सकाळपासून ती कुणाशी बोललीच नव्हती.

“रिकामं आलं तर. माझंच वाक्य मोघम आहे,” तो म्हणाला. “पण ते पान कुणी वाचतं, हे आज कळलं!”

दोघांनी मिळून वाक्य नीट केलं. मग कुणीच फोन ठेवेना.

“अजून काही अडलंय का?” त्याने चाचरत विचारलं.

“अडलंय ना!” ती म्हणाली, आणि घाईघाईने पुढचं पान उघडून अडण्याजोगं काहीतरी शोधू लागली.