पक्का हात

बाबांच्या दारूबद्दल बोलायचं म्हणून आम्ही सगळे त्यांच्या सलूनमध्ये जमलो. आईने दाराला आतून कडी घातली. समजावणं, रडणं, शपथा, सगळं झालं. बाबांचं एकच पालुपद, "माझा हात अजून पक्का आहे!" शेवटी दादा खुर्चीत मान मागे टाकून बसला. "मग करा माझी दाढी." बाबांनी ऐटीत फेस लावला, वस्तरा उघडला. पातं गळ्याशी आलं आणि थरथरू लागलं. दादा हलला नाही. बाबांनी आरशात स्वतःचा हात कितीतरी वेळ पाहिला. मग वस्तरा मिटून आईच्या हातात दिला. "नाही जमणार. कुठे न्यायचंय तिथे न्या." दादा फेसाळलेल्या तोंडानेच गाडी आणायला धावला. व्यसनमुक्ती केंद्रात डॉक्टरांनी विचारलं, "हे काय करतात?" आई ताठ मानेने म्हणाली, "सलून आहे ह्यांचं. तीस वर्षांत कुणाला साधा ओरखडा नाही. आजही नाही."