घरातलं पहिलं कुलूप

पासवर्ड म्हणजे काय, ते चेतनने दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा तो तोंड उघडणार तोच गोजरबाई म्हणाल्या, "म्हंजी कुलूपच की."

"तसं म्हण हवं तर."

"मग न्हाई जमायचं." त्यांनी मांडीवरचा वातींचा कापूस खाली ठेवला. "साऱ्या शिंगणापुरात एका घराला दार न्हाई, कपाटाला कडी न्हाई. अन् मी शनिवार धरणारी बाई, माझ्या घरात कुलूप?"

चेतन नेवाशाला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. रविवारची सुट्टी साधून तो सकाळपासून घरातल्या कॉम्प्युटरच्या एका डब्यात तीन संसार थाटत होता. पहिला जुनाच, विंडोजचा. येईल तो त्यात पत्ते खेळायचा. दुसरा त्याच्या स्वतःच्या सरावाचा. त्याच्या सीडीवर शिंगं असलेलं तांबडं भूत होतं, म्हणून गोजरबाईंनी ती देवघरापासून लांब ठेवायला लावली होती. तिसरा लिनक्सचा, भारतीसाठी. मशीन सुरू झालं की आधी विचारणार, तिघांपैकी कुठं जायचं? भारतीकडे जायचं तर तिने ठरवलेला शब्द द्यावा लागणार. तो शब्द मिळाल्याशिवाय काम पुढे सरकत नव्हतं.

"आई, चोरीच्या भीतीनं नाही गं लावत."

"मग कशापायी?"

चेतनने स्टुलावरून वळून बायकोकडे पाहिलं. भारती वैशाखात राजूरहून लग्न होऊन आलेली. ती रिकाम्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "आईंना नको वाटतंय, तर नको."

"असं करू," चेतनला एकदम सुचलं. "शब्द टाकू 'शनिदेव', आणि सगळ्यांना सांगून ठेवू. सगळ्यांकडे किल्ली म्हटल्यावर ते कुलूप कसलं?"

गोजरबाईंना हे पटलं. देवाचं नाव आहे, लपवाछपवीही नाही. त्यांनी हसून मान हलवली आणि कापूस उचलला. भारतीही हसली, पण तिचा खुर्चीवरचा हात हळूच सुटला.

तेवढ्यात पडदा सारून सहादू आत आला. चेतनचा चुलतभाऊ. तो नेहमी असाच यायचा. या गावात कोण कुणाच्या घरी हाक मारून जातं?

"झालं का रं? का दोन हजार साल उजाडायच्या आधीच बंद पाडतो याला?" तो थेट खुर्चीवर बसला. "मलाबी सांगा तो शब्द. वहिनी लई भारी लिव्हत्यात, काकी. परवा यात पत्ते खेळताना घावलं. इंग्रजी अक्षरात मराठी, पर मी सोडवलंच!" त्याने गळा साफ केला आणि पुढाऱ्यासारखा हात वर केला. "'इथे वारासुद्धा न विचारता अंथरुणापर्यंत येतो!' व्हय ना वहिनी?"

सहादूच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला ते खरोखरच आवडलं होतं. चेतन मात्र "सहादू" एवढंच म्हणाला.

"चहा टाकते," म्हणून भारती आत गेली.

स्वयंपाकघरालाही दार नव्हतं. गोजरबाईंना बसल्या जागेवरून दिसत होतं. भारतीने स्टोव्ह पेटवला नाही, की भांडं घेतलं नाही. मांडणीशेजारच्या भिंतीकडे तोंड करून ती नुसती उभी होती.

ती भिंत गोजरबाईंच्या चांगल्या ओळखीची होती. या घरात बाईमाणसाला तेवढाच आडोसा होता.

"सहादू, ऊठ," त्या म्हणाल्या.

"चहा...?"

"घरी जाऊन पी. तुझ्या आईच्या हातचा काय कडू लागतो का?"

सहादू हसत गेला. गोजरबाईंनी शनीच्या चौथऱ्याच्या दिशेने हात जोडले. डोळे मिटले, ओठ हलले. बराच वेळ हलले. काय बोलणं झालं ते त्यांना आणि देवालाच ठाऊक.

"भारती, ये इकडं. बस."

भारती पदराने तोंड पुसत आली आणि खुर्चीच्या कडेला टेकली.

"तुझा शब्द तू टाक. देवाचं नाव नको अन् कुणाचंच नको. तुझ्या मनात येईल तो. अन् मला सांगू नको."

"आई, पण..."

"देवानं सांगितलंय, कुणाचं काई घ्यायचं न्हाई. मी त्याला इचारलंय आत्ता." मग त्या मुलाकडे वळल्या. "तू बी बाहेर हो."

"मी?" चेतन दचकला. "अगं, मला माहीत पाहिजे. उद्या काही बिघडलं तर?"

"बिघडू दे."

चेतनने भारतीकडे पाहिलं. ती खाली कीबोर्डकडे बघत होती. तो उठला, पडदा बाजूला करून अंगणात गेला आणि उगाच सायकलची घंटी पुसत उभा राहिला.

गोजरबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. उंबऱ्यावर जाऊन मशीनकडे पाठ करून बसल्या. मागे खुर्ची पुढे सरकली. मग एक कळ वाजली. मग थांबून थांबून आणखी काही.

"आई, परत विचारतंय तोच शब्द."

"मग परत सांग त्याला. सावकाश सांग, काई घाई न्हाई."

समोरून सहादूची आई साळूबाई तरातरा येत होती. सहादूला चहा न पाजता हाकलल्याचा जाब विचारायला असणार. ती उंबऱ्यापाशी पोचली आणि थबकली.

"काय गं, अशी वाटंतच बसलीस? सरक की, आत येऊ दे."

गोजरबाईंनी दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या चौकटीला टेकवले.

"येशील गं," त्या म्हणाल्या. "थांब थोडी."