बारा वावात बांगडा

तिसरा इशारा जाऊन वीस मिनिटं झाली, तरी पडद्यावरचा एकही ठिपका वळला नव्हता.

एकेचाळीस ठिपके म्हणजे एकेचाळीस होड्या. गेल्या साली सरकारने प्रत्येक होडीवर एक पांढरा डबा फुकट बसवून दिला आणि मोबाईलची रेंज जिथे मरते, तिथेही बंदरावरच्या या छोट्या खोलीतून त्या डब्यामार्फत मोबाईलवर निरोप पोचू लागला. तोही उपग्रहावरून! भक्तीला याचं अजून नवल वाटे. कंत्राटी का होईना, ती या खोलीची ऑपरेटर होती. दिवसातून दहा वेळा ती एकोणीस नंबरच्या ठिपक्यावर बोट ठेवी. तो ठिपका म्हणजे तिचा बाप, दाजी.

सकाळीच तो नातीची टाळू हुंगून गेला होता. "येतंय हां," म्हणाला होता. दर्यावर जाणारा कधी 'जातो' म्हणत नाही.

चार वाजता वादळी वारा, असं वरून आलं होतं. आता साडेबारा. होड्या किनाऱ्यापासून अडीच तासांवर.

"पुन्हा पाठव," खोलीच्या प्रमुख रश्मी मॅडम म्हणाल्या आणि फोन कानाला लावून बाहेर व्हरांड्यात गेल्या.

पुन्हा काय पाठवायचं? 'सर्व मच्छीमार बांधवांना सूचित करण्यात येते की...' होडीवर याचं काय होतं ते भक्तीला घरबसल्या ठाऊक होतं. दाजीच पेज ओरपताना सांगायचा. 'सूचित'पर्यंत वाचायचं आणि मोबाईल खिशात. नारळी पुनवेपासून पाच वेळा असा इशारा आला आणि पाचही वेळा दर्या तेलासारखा गुळगुळीत राहिला. "सरकार आता माका वारो शिकवतलां?" असं म्हणून तो आणखी एक वाटी पेज मागे. त्यात बांगड्याचा हंगाम. भरत आलेली जाळी टाकून माघारी कोण येईल?

मजकूर वरून येतो. तो तसाच पाठवायचा. काना-मात्राही बदलायची नाही. पहिल्याच दिवशी तिच्याकडून तशी सही घेतली होती.

आणि खोटं? खोटं तर तिला जमतच नसे. नऊ वर्षांची असताना ती लिलावात दाजीच्या टोपलीपाशी बसली होती. गिऱ्हाइकाने विचारलं, "ताजो मां गो?" ती म्हणाली, "नाय, कालचो." अख्खा बाजार हसला. दाजीने तिला पुन्हा टोपलीपाशी बसू दिलं नाही, पण लेकीचं हे गावभर सांगत मात्र सुटला, "ह्या चेडवाच्या तोंडात खोटां टिकणा नाय!"

भक्तीने व्हरांड्याकडे पाहिलं. मॅडमची पाठ होती. तिने सरकारी मजकूर पुसला आणि भराभर टाईप केलं:

'तारकर्लीसमोर बारा वावात बांगडो इलो हा. पाणी तांबडां दिसता. बेगीन येवा.'

बटण दाबलं.

एक मिनिट. दोन. सहा.

एकोणीस नंबर वळला.

सगळ्यांत आधी दाजी! भक्ती खुर्चीतून उठलीच. तिला हसू आलं आणि लगेच ओसरलंही. बापाने तिचं खोटं खरं मानलं होतं.

मग सात नंबर वळला. मग तेवीस, चोवीस, अकरा. सारवलेल्या अंगणात दाणे टाकावेत आणि चहूकडून कोंबड्या धावाव्यात, तसे ठिपके किनाऱ्याकडे धावू लागले. कोण कोणाच्या पुढे जातंय! तेवीस सातला मागे टाकतोय, अकरा मधूनच घुसतोय. "चल, चल, चल," ती पडद्याला सांगत होती.

"वळले?" मॅडम दारात उभ्या होत्या. "काय पाठवलंस तू?"

भक्तीने सांगून टाकलं, बारा वाव खोलीपासून ते माशांच्या थव्याने तांबड्या दिसणाऱ्या पाण्यापर्यंत सगळं.

मॅडमनी पडद्यावरचा संदेश वाचला. पुन्हा वाचला. मग घड्याळाकडे पाहिलं.

"मला मालवणी वाचता येत नाही," जन्माने कुडाळच्या असलेल्या मॅडम म्हणाल्या आणि चहा सांगायला गेल्या.

बारा वावात काहीच नव्हतं, तेव्हा दाजी थेट बंदराकडे निघाला आणि त्याच्यामागे बाकीचे; साडेतीनला एकेचाळिसावी होडी वाळूला लागली. चारला दहा मिनिटं कमी असताना आभाळ काळं पडलं आणि वारा असा सुटला की जेटीवरचे रिकामे क्रेट पत्त्यांसारखे उडाले. समोर दर्या पांढराफेक झाला होता. त्यात आता एकही होडी नव्हती.

भक्ती वाळूत धावत गेली, तर तेवीस नंबरचा अजय ओरडतच समोर आला, "आवशीक खाव! भक्ते, खंय गो तुझो बांगडो? दाजी परातलो म्हणान आमी सगळे परातलंव!"

"नव्हतोच," भक्ती म्हणाली. "खोटां लिवलंय मी."

सगळे दाजीकडे वळले. तो होडीचा दोर माडाला आवळत होता.

"माका ठावक होतां," तो म्हणाला. "असल्या दिसाक बांगडो काठाक येता काय रे?"

"मगे परातलस कित्याक?" अजयने विचारलं.

दाजीने दोराची शेवटची गाठ मारली.

"सरकार खरां बोलता काय खोटां, माका काय ठावक? पण माझां चेडू जन्मात कधी खोटां बोलूक नाय. आज ता खोटां बोललां. तेवाच म्हटलंय, वारो खरो आसा."