भरला कोरम

अमेरिकेच्या नव्या संविधानाच्या मंजुरीचा मुहूर्त फिलाडेल्फियाच्या सभागृहाला त्याच सकाळी ठरवून टाकायचा होता. डोंगरातल्या आपल्या मतदारांना तो मसुदा आधी वाचायला तरी मिळावा, म्हणून सदस्य एबेनेझर गिलफिलन मुद्दाम सभेला गेलाच नाही. त्याच्या एकट्यावाचून कोरम अडला. तेव्हा जमावानं त्याला खाणावळीतून फरफटत आणलं, खुर्चीत आदळलं आणि दाराला कडी घातली.

“या, या, गिलफिलनसाहेब! भरला कोरम,” अध्यक्ष हसले.

“गचांडी धरून लोकांचं राज्य आणताय होय?” फाटकी बाही सावरत तो म्हणाला. “मेलो तरी माझं मत मिळणार नाही तुम्हाला.”

“नका देऊ हो! तुमचं मत मागितलंय कुणी? आम्हाला खुर्चीत तुमचं बूड तेवढं हवं होतं.”