माळ्यावरचा कॅमेरा

पेणच्या घरात माळ्यावर प्लगच नव्हता, तरी सुरभीनं खालून वायर ओढून तिथे कॅमेरा बसवलाच! आता ती रोह्याला क्लासला आणि आई डोलवीला कंपनीत असली, तरी घरात एकटा राहणारा तिचा चार वर्षांचा भाऊ आदेश फोनवर दिसणार होता, त्याच्याशी बोलताही येणार होतं.

दुपारी तिनं आईला फोन लावला. "आई गो, आदेश झकास दिसतोय!"

"कसा दिसंल? प्लगात बोटं घालतो म्हणून मेन स्विच बंद करून आलेय मी."

पडद्यावर आदेशनं मान वर केली. "ताई, माळ्यावर कवा आलीस? ये ना खाली!"

"मी रोह्याला हाय रे! पळ!" सुरभी किंचाळली. पण दाराला कडी बाहेरून होती.

शिडी करकरली. आदेश जागचा हलला नाही, तरी पडद्यावर त्याचा हसरा चेहरा मोठा मोठा होत गेला.