सांध्याचा गोळा
अनंतरावांनी जन्मभर झाशीच्या रेल्वे वर्कशॉपात झिजलेली बेअरिंगं बदलली. म्हणून खुब्यात टायटॅनियमचा गोळा बसवल्यावर डॉक्टरांनी कितीही चालायला सांगितलं तरी ते बकुळाबाईंना म्हणाले, “अगं, फिरतं ते झिजतं.” लक्ष्मीताल तळ्यावरचं दोघांचं संध्याकाळचं फिरणं सुटलं ते सुटलंच, बकुळाबाई एकट्याच फेरी घालून येत. पुढे ते गेले. अस्थी वेचताना राखेतून तो गोळा निघाला. स्मशानातल्या माणसानं पाण्यात बुचकळून तो बकुळाबाईंच्या हातावर ठेवला. “देखिए माताजी, एकदम नया!” आगीनं त्यावर मोरपिसाचे रंग चढवले होते, ओरखडा एकही नव्हता. मुलगा म्हणाला, “आई, अस्थी सोडायला ओरछ्याला जायची गाडी इंतजार करतेय.” गोळा पदराच्या टोकाला बांधून त्या पायीच तळ्याच्या वाटेला लागल्या. गाठ त्यांच्या खुब्याशी हलकेच हेलकावत होती, कुणी शेजारून चालावं तशी. “चला,” त्या म्हणाल्या, “झिजला तर झिजू द्या.”