आरेची माती

बोटभर उंचीचा योद्धा रंगवून झाला. त्याच्या पायाखालच्या चकतीला गोंद लावून मी आरेच्या जंगलातून आणलेली, गाळणीने चाळलेली माती पसरली. चहा पिऊन आलो तर मातीत तिळाएवढी पावलं!

"दीप्ती, तू केलंस ना हे?"

"वेडा आहेस का रे दादा?" ती भिंग घेऊन वाकली. "तुझ्या योद्ध्याच्या पायात बूट आहेत. ही पावलं अनवाणी आहेत."

मला राहवेना. दुसऱ्या चकतीवर नुसतीच माती पसरली आणि आम्ही बघत बसलो.

एकेक पाऊल उमटत कडेवरून मधोमध आलं आणि आमच्याकडे वळून थांबलं. मी खाली वाकलो.

"दादा, नको ना."

बोटांचे ठसे आणखी खोल रुतले. कुणीतरी टाचा उंचावून मला बघत होतं.